मोकळा वेळ आणि रिकामा वेळ

फुरसत हा विद्यापीठातील संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे ऐकून आजही पुष्कळांना हसू येते. श्रम, उत्पादन, मजुरी, किमती यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु काम संपल्यावर माणूस काय करतो, कोणता खेळ खेळतो, काय वाचतो, की नुसताच ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहतो, याची मोजदाद करण्यात कसले आले आहे शास्त्र, असा प्रश्न विचारला जातो. भाषेनेही हा संशय जपून ठेवलेला दिसतो. ‘सवड’, ‘विसावा’, ‘विरंगुळा’ या शब्दांत गोडवा आहे. ‘रिकामटेकडा’ या शब्दात उघड उपहास आहे. काम नसलेला वेळ तोच. पण एका ठिकाणी तो हवाहवासा वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो लाजिरवाणा ठरतो. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध हाच फुरसतीच्या शास्त्राचा मूळ विषय होय.

हा प्रश्न जुनाच आहे. प्राचीन ग्रीकांच्या भाषेत फुरसतीला ‘स्खोले’ असा शब्द होता. लॅटिनमधील ‘स्कोला’ आणि इंग्रजीतील ‘स्कूल’ हे शब्द त्यावरूनच आले. माणूस काम करतो ते अखेर फुरसत मिळावी म्हणून, आणि त्या फुरसतीतच त्याच्या बुद्धीला व शीलाला वाव मिळतो, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन होते. मात्र त्या काळच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, ही गोष्ट विसरून चालत नाही. पुढे १८९९ साली थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि श्रीमंत वर्ग आपली फुरसत प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून कशी मिरवतो, हे दाखवून दिले. या दोन्ही विवेचनांत फुरसत ही थोड्यांच्या वाट्याला येणारी वस्तू होती. ती सर्वांच्या वाट्याला यावी, ही मागणी कारखान्यांतील कामगारांनी पुढे आणली.

वेळेची मागणी

भारतात या मागणीचा इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरू होतो. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी मिळावी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, या त्यातील ठळक मागण्या होत्या. कामगारांनी पैशाबरोबर वेळही मागितला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ही साप्ताहिक सुटी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली.

१९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा पहिलाच करार कामाच्या तासांविषयी होता. उद्योगांत दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्याने घालून दिली. ब्रिटिश भारतासाठी मात्र त्यात आठवड्याला साठ तासांची वेगळी तरतूद होती. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा निश्चित केला.

अशा रीतीने कामगाराच्या दिवसातून काही तास मोकळे झाले. या तासांचे तो काय करील, याविषयी आशाही होती आणि धास्तीही होती. मालकवर्गाला गुत्त्यांची भीती वाटे, तर सुधारकांना ग्रंथालये, व्यायामशाळा व रात्रीच्या शाळा भरलेल्या दिसत. प्रत्यक्षात काय घडते हे पाहण्याची पद्धत मात्र अजून तयार व्हायची होती. ती तयार करण्यात ऑस्ट्रियातील एका लहानशा गावाचा मोठा वाटा आहे.

व्हिएन्नातील एक सल्ला

पहिल्या महायुद्धानंतरचे व्हिएन्ना शहर समाजवादी लोकशाही पक्षाच्या हाती होते. आठ तासांचा दिवस कायद्याने मिळाला होता. कामगारांसाठी वसाहती, स्नानगृहे, वाचनालये, गायनमंडळे व क्रीडासंघ यांचे जाळे शहरात विणले गेले होते. जुलै १९३१ मध्ये कामगारांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सवासाठी, म्हणजेच कामगार ऑलिंपिकसाठी, प्राटर उद्यानात नवे क्रीडांगण खुले झाले. मोकळ्या वेळातून नवा, सुसंस्कृत माणूस घडेल, या श्रद्धेचा तो काळ होता.

याच शहरात पाउल लाझार्सफेल्ड या तरुण संशोधकाने आर्थिक मानसशास्त्राचे एक संशोधन केंद्र सुरू केले होते. मारी याहोडा आणि हान्स त्सायझेल हे त्याचे सहकारी. तिघेही समाजवादी विचारांचे होते आणि तिघांचीही वये पस्तिशीच्या आत होती. कामगारांना नव्याने मिळालेल्या फुरसतीचा अभ्यास करावा, असा त्यांचा विचार होता. लाझार्सफेल्डने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, हा विचार त्याने पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्या कानावर घातला, तेव्हा बाउअर यांनी नापसंती दर्शवली. देशात हजारो माणसांवर सक्तीची फुरसत लादली गेली असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा अभ्यास करा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संशोधकांनी हा सल्ला मानला. फुरसतीविषयीचा एक मूलभूत अभ्यास अशा रीतीने बेकारीच्या अभ्यासातून निर्माण झाला.

गाव आणि गिरणी

मारिएनताल ही व्हिएन्नाच्या आग्नेयेस, आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, ग्रामातनॉयझीडल गावाला लागून असलेली कामगार वस्ती होती. १८३० साली तेथे सूतगिरणी निघाली आणि वस्ती तिच्याभोवतीच वाढली. आजोबा, बाप आणि मुलगा एकाच गिरणीत, अशी तेथील कुटुंबे होती. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९२९ च्या जुलैपासून या कारखान्याचे विभाग एकामागून एक बंद पडत गेले. १९३० च्या फेब्रुवारीत मागही थांबले. त्यानंतर इमारती पाडण्याचे काम सुरू झाले. ज्या खिडक्यांतून पूर्वी गिरणीची धुराडी दिसत, त्यांतून आता ढिगारे दिसू लागले.

वस्तीत १,४८६ माणसे आणि ४७८ कुटुंबे होती. त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कुटुंबांची भिस्त बेकारभत्त्यावर होती. संपूर्ण गावच बेकार, अशी ही स्थिती होती. शहरातील बेकार माणूस गर्दीत हरवून जातो. येथे मात्र एका समाजाचे सारे जीवन एकाच वेळी पाहता येणार होते. काम १९३१ च्या हिवाळ्यात सुरू झाले. लोटे डॅन्झिंगर या संशोधिकेने गावात सुमारे सहा आठवडे मुक्काम केला. इतर मंडळी व्हिएन्नाहून ये-जा करीत.

पाहण्याची रीत

संशोधकांनी स्वतःसाठी एक नियम घालून घेतला होता. नुसता पाहणारा परका म्हणून कोणीही गावात जायचे नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही काम हाती घ्यायचे आणि ते करता करता माहिती मिळवायची. म्हणून व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून ते गावात वाटण्यात आले. डॉक्टरांची मोफत तपासणी सुरू झाली. स्त्रियांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग निघाला आणि मुलींसाठी व्यायामाचा वर्ग चालू झाला. कपडे वाटण्यापूर्वी घरोघर जाऊन गरज विचारावी लागे, त्यामुळे घरे आतून पाहता आली. उपासमारीच्या उंबरठ्यावरील माणसांना नुसते प्रश्न विचारून निघून येणे शोभणारे नाही, ही भावना या नियमामागे होती. सामाजिक संशोधनाच्या नीतीच्या चर्चेत या नियमाचा आजही उल्लेख होतो.

माहिती अनेक मार्गांनी जमा झाली. प्रत्येक कुटुंबाचे एक टिपणपत्र होते. काही घरांतील आठवडाभराच्या जेवणाची नोंद झाली. शाळेतील मुलांकडून निबंध लिहवून घेतले गेले. सहकारी भांडार, वाचनालय, वृत्तपत्रांची वर्गणी, संस्थांची सभासदसंख्या यांचे आकडे मिळवले गेले. सुमारे ऐंशी व्यक्तींनी आपल्या एका दिवसाचा तासवार तक्ता भरून दिला. आकडे आणि माणसांच्या तोंडची हकीकत यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता. पुढील काळात समाजशास्त्राने तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला.

वाचनालय, बाग आणि रस्ता

अपेक्षा अशी होती की, वेळ वाढला म्हणजे वाचन वाढेल. गावात कामगारांचे चांगले वाचनालय होते. बेकारीनंतर पुस्तके नेण्याचे शुल्कही माफ झाले होते. म्हणजे वेळ होता, पुस्तके होती, आणि ती फुकट होती. तरीही १९२९ ते १९३१ या काळात बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची संख्या ४८.७ टक्क्यांनी घटली. वाचकांची संख्या तर कमी झालीच, शिवाय जे वाचक टिकून राहिले तेही पूर्वीपेक्षा कमी वाचू लागले. १९२९ मध्ये दर वाचकामागे सरासरी ३.२३ पुस्तके जात; १९३१ मध्ये हे प्रमाण १.६ वर आले.

वृत्तपत्रांच्या बाबतीतही तोच अनुभव आला. पक्षाचे गंभीर दैनिक बेकारांना सवलतीच्या दरात मिळत असतानाही १९२७ ते १९३० या काळात त्याचे वर्गणीदार साठ टक्क्यांनी कमी झाले. करमणुकीवर भर देणाऱ्या स्वस्त दैनिकाची घट मात्र २७ टक्क्यांवर थांबली. तेव्हा घट होण्याचे कारण केवळ पैशाची टंचाई हे नव्हते. जगात काय चालले आहे हे जाणून घेण्याची इच्छाच मंदावली होती.

वस्तीसमोर जुन्या वाड्याची मोठी बाग होती. चांगल्या दिवसांत गावाला तिचा अभिमान असे. रविवारी लोक तेथे बसत, फिरत. संशोधक आले तेव्हा तेथे गवत माजले होते आणि पायवाटा तणाने बुजल्या होत्या. गावातील बहुतेक सर्वांना भरपूर वेळ होता, तरी बागेची निगा राखण्यास कोणी पुढे येत नव्हते.

सर्वांत बोलके निरीक्षण रस्त्यावरचे होते. मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चाल खिडकीआडून मोजण्यात आली. कोण किती वेळा थांबतो याची नोंद झाली. सुमारे दोनतृतीयांश पुरुष तेवढ्या अंतरात दोनदा किंवा अधिक वेळा थांबले. न थांबता चालत जाणारे दहांत एक एवढेच होते. पुष्कळ पुरुषांनी घड्याळ जवळ बाळगणेही सोडून दिले होते. तासवार तक्ते भरताना त्यांना आपला दिवस आठवेना. उठणे, दुपारचे जेवण आणि झोपणे एवढ्याच तीन घटना निश्चित सांगता येत. मधल्या तासांत काय केले, हे सांगण्याजोगे काही नसे. काही काम नसतानाही जेवायला वेळेवर न येण्याबद्दल बायका कुरकुर करीत.

मुलांच्या निबंधांतही याची छाया पडली होती. नाताळला काय हवे, असे विचारल्यावर मारिएनतालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत सरासरी बारा शिलिंग भरली. आसपासच्या गावांतील मुलांच्या बाबतीत ती छत्तीस होती. तेवढेही मागताना पुष्कळ मुलांनी ‘आईबापांपाशी पैसे असते तर’ अशा अटीनेच वाक्याची सुरुवात केली होती.

घराघरांतील वृत्तींचे संशोधकांनी चार गट पाडले: न खचलेली, निमूट सोसणारी, हताश झालेली आणि पूर्ण उदासीन. सर्वांत मोठा गट निमूट सोसणाऱ्यांचा होता. दरमहा दरडोई उत्पन्नाशी त्याचा ताळा घातला, तेव्हा चार गटांची सरासरी अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग आली. सर्वांत धीराचे घर आणि सर्वांत उदासीन घर यांच्यामध्ये महिन्याला केवळ पंधरा शिलिंगांचे अंतर होते. भत्ता बंद झाला की घर एकेक पायरी खाली उतरे. हलाखीने पेटलेली माणसे बंड करून उठतील, अशी अटकळ त्या काळी काहींनी बांधली होती. मारिएनतालमध्ये दिसले ते त्याच्या उलट होते: दीर्घ बेकारीने माणसे थकतात आणि त्यांच्या अपेक्षा आक्रसत जातात.

ज्यांना फुरसत मिळालीच नाही

या सर्व चित्रात एक गोष्ट वेगळी होती. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रिया पुरुषांच्या सुमारे दीडपट वेगाने चालत. गिरणीत त्याही काम करीत होत्या आणि त्यांचेही काम गेले होते. परंतु घरचे काम कोठे गेले नव्हते. उलट, तुटपुंज्या पैशात स्वयंपाक भागवणे, जुने कपडे पुन्हा पुन्हा दुरुस्त करणे, मुलांना नीटनेटके ठेवणे यांत त्यांचा सारा दिवस जाई. त्यांच्या तक्त्यांत रिकामे तास फारसे नव्हते. पूर्वी गिरणीतून आल्यावर घरकाम करताना मध्यरात्र होई. तरीही गिरणी पुन्हा सुरू झाली तर आनंदाने जाऊ, असे अनेकींनी सांगितले, आणि ते केवळ पैशासाठी नव्हे. गिरणीत चार माणसे भेटत, घराबाहेरचे जग दिसे, हे त्यांना हवे होते.

म्हणजे एकाच गावात एकाच कारणाने दोन परिस्थिती निर्माण झाल्या होत्या. पुरुषांपाशी वेळ होता आणि त्याला आकार नव्हता. स्त्रियांच्या दिवसाला आकार होता आणि तीत वेळ नव्हता. मोकळा वेळ म्हणावा असा दोघांपाशीही नव्हता. याहोडा व तिच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की, फुरसतीला मोल येते ते तिच्या दोन्ही बाजूंना काम असते म्हणून. ते काठ नाहीसे झाले की वेळ पसरतो, आणि त्यात माणसाला पाय रोवता येत नाहीत.

ग्रंथाचे आणि ग्रंथकारांचे पुढे काय झाले

हा अभ्यास १९३३ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झाला. जर्मनीत त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला होता. लेखक ज्यू असल्याने मुखपृष्ठावर त्यांची नावे छापली गेली नाहीत. लाझार्सफेल्ड अभ्यासवृत्ती घेऊन अमेरिकेत गेला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात आकाशवाणीच्या श्रोत्यांविषयीच्या संशोधनाचा अग्रणी ठरला. १९३६ साली याहोडाला भूमिगत समाजवादी कार्याबद्दल अटक झाली. १९३७ मध्ये, देश सोडण्याच्या अटीवर, तिची सुटका झाली. त्सायझेल १९३८ साली बाहेर पडला. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर यायला १९७१ साल उजाडले.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या याहोडाने १९८२ साली रोजगार व बेकारी यांवरील आपल्या पुस्तकात मारिएनतालचा अनुभव सिद्धान्तरूपाने मांडला. नोकरीतून पगार मिळतो हे उघडच आहे. पण त्याबरोबर न मागता आणखी पाच गोष्टी मिळतात: दिवसाला बांधणी, कुटुंबाबाहेरील माणसांशी संबंध, सामूहिक उद्दिष्टात सहभाग, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल. बेकाराच्या फुरसतीत यांपैकी काहीच उरत नाही, म्हणून ती फुरसत राहत नाही.

शास्त्राचा विस्तार

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत रोजगार वाढला, सुट्या वाढल्या, आणि फुरसतीचे संशोधन विद्यापीठांत स्थिरावले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ जोफ्र द्युमाझदिए याने १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात फुरसतीची तीन कार्ये सांगितली: विश्रांती, करमणूक आणि व्यक्तिमत्त्वाचा विकास. हंगेरीच्या अलेक्झांडर सोलोई याच्या नेतृत्वाखाली १९६५-६६ मध्ये बारा देशांत दिनक्रमांची पाहणी झाली आणि तिचा वृत्तान्त १९७२ साली प्रकाशित झाला. मारिएनतालच्या ऐंशी तक्त्यांचे बीज येथे आंतरराष्ट्रीय पातळीवर विस्तारलेले दिसते. १९६९ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र संशोधनपर नियतकालिक अमेरिकेत निघू लागले. १९८२ मध्ये कॅनडातील रॉबर्ट स्टेबिन्स याने ‘गंभीर फुरसत’ ही कल्पना मांडली. हौशी वादक, हौशी खगोलनिरीक्षक, हौशी खेळाडू यांचा त्याने अभ्यास केला होता. ही माणसे आपल्या छंदात वर्षानुवर्षे चिकाटीने कौशल्य मिळवतात, त्यात त्यांना सोबती भेटतात आणि ओळख लाभते. याहोडाच्या यादीतील काही गोष्टी अशा फुरसतीतून मिळू शकतात, हे यावरून ध्यानात येते.

क्रीडाव्यवस्थापन ही या वृक्षाचीच एक फांदी. पण तिची मुळे थोडी निराळ्या मातीत आहेत. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली प्राध्यापक जेम्स मेसन यांच्यापाशी, खेळाचा व्यवहार सांभाळणारी शिक्षित माणसे विद्यापीठांनी तयार करावीत, असा विचार मांडला. त्यातून १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९८५ मध्ये उत्तर अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे नियतकालिक निघू लागले.

या शाखेचे प्रश्न साहजिकच व्यवहाराचे असतात. मैदानात किती आसने हवीत, तिकिटाचा दर काय असावा, तरणतलाव कोणत्या वेळी उघडावा, देखभालीचा खर्च कसा भागवावा, हे सर्व प्रश्न उपयुक्त आहेत आणि त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. परंतु त्यांत एक धोका संभवतो. मोजणी होते ती फाटकातून आत आलेल्यांची. जे आलेच नाहीत त्यांची नोंद कोठेच होत नाही. मारिएनतालच्या संशोधकांनी नेमकी हीच नोंद केली. न नेलेली पुस्तके, तण माजलेली बाग आणि बंद केलेली वर्गणी यांतूनच त्यांना गावाचे दुखणे कळले. नवे क्रीडांगण बांधल्यावर ते ओस पडले, तर लोक आळशी आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे असते. त्याऐवजी त्या लोकांचा दिवस कसा जातो, हे आधी पाहावे, असे हा अभ्यास सांगतो.

भारतातील दिवसाचा हिशेब

भारतात अशी पाहणी प्रथम मोठ्या प्रमाणावर १९९८-९९ मध्ये झाली. हरियाना, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांतील १८,५९१ कुटुंबे तीत समाविष्ट होती. संपूर्ण देशाची पाहणी २०१९ साली झाली आणि तशीच दुसरी २०२४ साली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा चोवीस तासांचा दिवस धरून, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत, सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने काय केले, हे विचारले गेले.

२०१९ च्या पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आढळल्या आणि पुरुष २६.१ टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यांत जात, तर पुरुषाची ९७. पाच वर्षांनंतर, २०२४ मध्ये, हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. संस्कृती, फुरसत, प्रसारमाध्यमे व क्रीडा यांना दिलेला वेळ २०१९ मध्ये दिवसाच्या ९.९ टक्के होता; २०२४ मध्ये तो ११ टक्के झाला.

अशा सरासरीचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. दूरदर्शनसमोर बसून भाजी निवडणारी स्त्री त्या अर्ध्या तासात काम करते की विरंगुळा अनुभवते? नोकरीसाठी वणवण करून कट्ट्यावर येऊन बसलेल्या तरुणाचे दोन तास फुरसतीच्या खणात लिहावेत काय? तक्त्याला एवढेच दिसते की तो गप्पा मारीत होता. याच ठिकाणी मारिएनतालची रीत उपयोगी पडते. आकडे घ्यावेत, पण त्यांच्या शेजारी त्या माणसाचे म्हणणेही लिहून घ्यावे. मोकळा वेळ आणि रिकामा वेळ यांतील भेद घड्याळाला दिसत नाही. तो ज्याचा वेळ असतो त्यालाच ठाऊक असतो.

पुन्हा त्याच गावात

ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच ग्रामातनॉयझीडल गावात एक नवा प्रयोग सुरू झाला. लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या सरकारी रोजगार खात्याने, वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येकाला, तो राजी असल्यास, कामाची हमी दिली. आधी तयारीचा वर्ग, नंतर बाजारातील अनुदानित नोकरी किंवा गावाच्या उपयोगाचे मुद्दाम निर्माण केलेले काम, अशी योजना होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी तिचे मूल्यमापन केले, आणि त्यासाठी याहोडाने सांगितलेल्या पाच गोष्टीच कसोट्या म्हणून वापरल्या. सहभागी झालेल्यांचे उत्पन्न सुधारले, आणि त्याबरोबर दिवसाची बांधणी, माणसांचा सहवास, उद्दिष्टाची जाणीव व समाजातील स्थान यांतही स्पष्ट सुधारणा आढळली. शारीरिक प्रकृतीत मात्र तसा फरक दिसून आला नाही.

१९३१ साली तीन तरुण संशोधक फुरसतीचा शोध घेण्यासाठी निघाले आणि बेकारीच्या गावी पोचले. तेथे त्यांनी जे पाहिले, ते बागा, वाचनालये व क्रीडांगणे उभारणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आणि प्रत्येक नियोजकाने विचारात घेण्यासारखे आहे. बाग लावता येते, पुस्तके फुकट देता येतात, मैदान आखता येते. त्यांचा उपयोग करण्याची उमेद मात्र माणसाला काम, मान आणि चार माणसांची संगत यांतून येते. ही शिदोरी ज्याच्यापाशी आहे त्याला संध्याकाळचा एक तासही पुरतो. ती नसेल तर सबंध दिवस हाती असूनही माणूस रस्त्यात थांबत थांबत चालतो.